बांबूच्या बेटातलं शेपूट

फान दलिन तसा वाईट माणूस नव्हता, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. आमच्या शीखौ गावात कोणालाही विचारा. कामावर वेळेवर जाणारा, कोणाच्या अध्यात ना मध्यात, सासूला सणावाराला न चुकता ताजा मासा नेऊन देणारा माणूस. फक्त नी सूचिनचं नाव निघालं की त्याच्या पोटात दुखायला लागायचं. बरं, दुखतंय हेही कोणाला सांगायची सोय नाही, कारण सूचिनने त्याचं काही वाकडं केलेलं नव्हतं. तिने फक्त एक चिमणी काढली होती.

दलिन आमच्या कागद कारखान्याच्या विक्रीच्या खोलीत बसायचा. शीखौचा कागद शाई पितो. एखादा अधाशासारखा घटाघटा पितो, एखादा जपून घोट घेतो. बाहेरगावचे चित्रकार कागद घ्यायला आले की तो कसा पितो हे दाखवायला दलिन त्यांच्यासमोर एका तुकड्यावर बांबू काढायचा. खालून वर एका दमात जाणारा दांडा, पेरापाशी हात जरासा थांबवायचा, मग पानांचे झुबके, कुंचला टेकवायचा आणि उचलताना टोक काढायचं. डुकराच्या मटणाचे भाव बोलता बोलता तो हे सगळं उरकायचा. त्याच्या बांबूत खोट काढणं अवघड होतं. गिऱ्हाईक मान डोलवायचं, कागद घेऊन जायचं, आणि तो तुकडा संध्याकाळी चहाच्या शेगडीत जायचा.

हा बांबू त्याला शिकवला वेन मास्तरांनी. वेन मास्तर शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेले, आणि खडक काढावेत तर त्यांनीच. दर रविवारी त्यांच्या अंगणात चार-सहा माणसं जमायची, मास्तरीणबाई भुईमुगाच्या शेंगा उकडून ठेवायच्या, आणि शाईचा वास आणि शेंगांचा वास एकत्र होऊन जायचा. दलिन तिथला पहिला शिष्य. मिशा फुटायच्या वयात आलेला. म्हणून मग पुढे जे जे आले ते सगळे त्याला दादा म्हणायचे, वयाने मोठे असले तरी. शाई दलिनने घोटायची, कुंचले दलिनने धुवायचे, मास्तरांना पहिला कागद दलिनने दाखवायचा, असा मान होता त्याचा.

मास्तर चष्मा लावायचे, कागद हातभर लांब धरायचे आणि म्हणायचे, "नीट आहे."

बस, एवढंच. वर्षानुवर्षं तेवढंच. दलिनला त्यात काही कमी वाटत नव्हतं. नीट म्हणजे नीट. आणखी काय हवं माणसाला?

मग सूचिन आली. ती शीखौहून जिल्ह्याच्या गावी जाणाऱ्या बसमध्ये कंडक्टर होती. गळ्यात चामड्याची पिशवी, पायात कापडी बूट, आणि आवाज असा की बसच्या मागच्या चाकापर्यंत पोचावा. "पुढे सरका, पुढे सरका, आत खूप जागा आहे!" हे वाक्य दिवसभर ओरडून तिचा घसा कायमचा बसलेला. रविवारच्या फेऱ्या संपवून ती मास्तरांच्या अंगणात उशिरा यायची, पिशवीसकट. कुंचला तिने पहिल्या दिवशी झारा धरावा तसा धरला. दलिन मनात म्हणाला, ही दोन रविवार टिकेल.

तिने काढली चिमणी. चिमणी म्हणजे काय, शाईचा एक फुगीर ठिपका, त्याला चोच, वर एक डोळा, आणि पाय काढायचे राहूनच गेलेले. तो कागद मास्तरांनी हातभर लांब धरला, आणि हसले. नुसते गालात नाही, खदाखदा हसले, हातातला चहा स्वतःच्या बुटांवर सांडेपर्यंत. "ही जेवून आली आहे," ते म्हणाले, "आता उडणार नाही." मग मास्तरीणबाईंना हाक मारून त्यांनी तो कागद त्यांनाही दाखवला.

मास्तरांच्या मागच्या दाढेवर सोन्याची टोपी आहे, हे दलिनला त्या दिवशी कळलं. इतक्या वर्षांत ते त्याच्यासमोर इतकं तोंड उघडून कधी हसलेच नव्हते.

त्या दिवसापासून 'नीट आहे' हे शब्द दलिनला खुपायला लागले. दर रविवारी तो कागद पुढे करायचा आणि मास्तरांच्या तोंडाकडे टक लावून बघत राहायचा. दाढ दिसत नव्हती. सूचिनचा कागद पुढे आला की दिसायची. सूचिनचे हात पुढे सुधारले, चिमण्यांना पाय आले, कुंपणावर भांडणाऱ्या चिमण्या, पावसात फुगून बसलेल्या चिमण्या, धुळीत लोळणाऱ्या चिमण्या, आणि मास्तर प्रत्येकीला काहीतरी बोलायचे. बांबूला काय बोलणार? बांबू बांबूसारखा होता.

दलिनचा नुसता जळफळाट व्हायचा. तो रस्त्याने जाताना खऱ्या चिमण्यांवरसुद्धा डाफरायला लागला. एकदा त्याने दार लावून घेऊन स्वतः चिमणी काढून बघितली. बायको वानयू चहा घेऊन आत आली, टेबलावर वाकली आणि म्हणाली, "रताळं छान आलंय."

"चिमणी आहे ती," दलिन म्हणाला.

"असं होय. मग सूचिनला दाखव ना. तिचा हात बसलाय त्यावर."

"तिचा हात! तिकिटं फाडून बसलाय तिचा हात. चिमणी म्हणजे काय, ठिपका आणि चोच. बांबू काढून दाखवावा म्हणावं. दहा वर्षं दांडा उभा राहत नाही."

वानयूने रताळ्याकडे पुन्हा एकदा बघितलं. "तुझ्या पोटात दुखतंय," ती म्हणाली. "सुंठ घे." आणि गेली. वानयूचं हे असंच होतं, निदान अचूक करायची आणि औषध चुकीचं द्यायची.

अशीच वर्षं गेली. मास्तर ऐंशीचे झाले. ऐंशीव्या वाढदिवसाला सगळ्या शिष्यांनी मिळून मास्तरांबरोबर एक चित्र काढायचं ठरलं. आमच्याकडे हा मोठा मान असतो. एकच मोठा कागद, त्यावर आधी गुरूने काढायचं, मग शिष्यांनी मानाप्रमाणे एकेक गोष्ट घालायची, आणि शेवटी गुरूने वरच्या मोकळ्या कोपऱ्यात दोन ओळी लिहायच्या, कोणी काय काढलं तेही लिहायचं, आणि लाल शिक्का उठवायचा. त्या ओळींशिवाय चित्र अनाथ. आणि यात न शिकवता कळायची एक गोष्ट असते, ती म्हणजे आपल्या मागून येणाऱ्यासाठी जागा ठेवायची. कागदाचा कोरा भाग हा उरलेला भाग नसतो, ते आभाळ असतं, पाणी असतं, पुढच्याचा पाट असतो. थोरल्याने तर जास्तच राखून काढायचं. हे दलिनने स्वतः किती जणांना बजावलं होतं.

मास्तरांचा हात थरथरायला लागला होता. असं चित्र पुन्हा होणार नाही, हे सगळ्यांनाच कळत होतं. या वेळी मास्तरांचा खडक, मग दलिनचा बांबू, मग सूचिनची चिमणी, मग ओळी, असं ठरलं. बाकीच्यांनी वाटीत शाई घोटायची. दलिनला आठवडाभर झोप लागेना. ही शेवटची संधी. या खेपेला मास्तरांनी 'नीट आहे' म्हणता कामा नये. त्यांनी दाढ दाखवली पाहिजे, बांबूला बघून.

वाढदिवसाच्या सकाळी अंगण भरलं. लांब शेवयांचे वाडगे फिरले, आंबवून उग्र वास आलेल्या माशाची मोठी थाळी आली, तांदळाची दारू आली. मग टेबल पुसून कागद पसरला. मास्तरांनी खालच्या बाजूला खडक काढला. हात थरथरत होता, पण ते थरथरणं दगडाच्या कडांमध्ये असं मुरलं की तो खडक जुनाच वाटायला लागला. मग त्यांनी कुंचला दलिनच्या हातात दिला.

दलिनने सुरुवात फार सुंदर केली. खडकाच्या मागून एक दांडा, त्याला टेकून दुसरा. चार झुबके पानं. इथे थांबायला हवं होतं. त्याने तिरक्या नजरेने पाहिलं. मास्तर शांत बसले होते, मांडीवर हात ठेवून. आणि टेबलाच्या पलीकडे सूचिन बाह्या सरसावून उभी होती, तोंडात शेंग, डोळे कागदाच्या उजव्या मोकळ्या जागेवर. तिला तिथे चिमणी दिसायलासुद्धा लागली होती, हे तिच्या चेहऱ्यावरून दिसत होतं. थोड्या वेळात ती तिथे एक ठिपका टाकेल, आणि ही सगळी माणसं माझा बांबू विसरून हसतील, आणि मास्तर...

दलिनने त्या जागेत एक फांदी काढली.

मग तिच्यावर पानं. मग पानांना एकटं वाटू नये म्हणून मागे फिक्या शाईचा आणखी एक दांडा. कोणीतरी हलकेच "दादा" म्हटलं. त्याने ऐकलं नाही. त्याचा हात चालू लागला तो चालूच राहिला, इतक्या वर्षांची गिऱ्हाइकं त्या हातात होती, पान, पान, पान, पान, आणि प्रत्येक पान नीट. तो थांबला तेव्हा उजवीकडे चिमणी काय, माशी बसायला जागा नव्हती. आणि वरचा डावा कोपरा, जिथे मास्तरांनी लिहायचं, तोही गेला होता. तिथे पानांचा काळा झुबका होता.

शाई कागदाने पिऊन टाकली होती. आमच्या कागदावर पडलेलं काही परत घेता येत नाही. दलिनने कोपऱ्याकडे पाहिलं. चिमणीची जागा खायला निघाला होता, आणि गुरूची जागा खाऊन बसला होता.

मास्तरांनी चष्मा लावला. कागदाकडे बराच वेळ बघितलं. नीट आहे, असंही ते म्हणाले नाहीत. त्यांनी दलिनच्या हातातून कुंचला काढून घेतला आणि सूचिनपुढे धरला.

दलिनला वाटलं, आता ही रडेल, नाहीतर चार माणसांत माझी लाज काढेल. तिने दोन्ही केलं नाही. तिने शेंगेचं फोलपट खिशात टाकलं, टेबलाला एक चक्कर मारली, भरलेल्या बसमध्ये शिरायच्या आधी बघतात तसं चित्राला दोन्ही बाजूंनी बघितलं. "गाडी भरलीये," ती तिच्या त्या बसक्या आवाजात म्हणाली. "पण एक माणूस बसतो. नेहमी बसतो."

मग उजव्या कडेला, अगदी कागद संपतो तिथे, दोन पानांच्या मधून बाहेर येणारे तीन छोटे फटकारे तिने मारले. शेपूट. नुसतं शेपूट. चिमणी आत घुसली होती, आणि बसच्या दारात कोटाचं टोक अडकून राहावं तसं तिचं शेपूट बाहेर राहिलं होतं.

मास्तर हसले. खुर्चीला टेकवलेली काठी खाली पडली, डोळ्यांतून पाणी आलं, मास्तरीणबाई पाठ चोळायला धावल्या, आणि सोन्याची दाढ उन्हात लखलखली. सगळं अंगण हसलं. दलिनसुद्धा हसला, हसायलाच लागतं अशा वेळी, पण त्या हसण्याने त्याच्या तोंडात कडू चव आली. आयुष्यातला सगळ्यात मोठा बांबू त्याने काढला होता, आणि दाढ तिच्या तीन फटकाऱ्यांना दिसली होती.

लिहायला जागाच नव्हती. मास्तर म्हणाले, वरून वेगळी पट्टी जोडू, तिच्यावर सावकाश लिहीन. ते सावकाश काही आलं नाही. थंडीत त्यांच्या छातीत कफ झाला आणि नव्या वर्षाच्या आधीच ते गेले. गावाबाहेरच्या टेकडीवर, चहाच्या मळ्याच्या वर, त्यांना पुरलं.

वसंतात थडगी साफ करायचा सण आला. त्याच्या थोडे दिवस आधी मास्तरीणबाईंनी दलिनला बोलावलं आणि ते चित्र, गुंडाळी केलेलं, त्याच्या हातात दिलं. "लुओकडून अस्तर लावून घे," त्या म्हणाल्या. "वर पट्टी जोड. तू थोरला, तर तूच लिही कोणी काय काढलं ते. सणाच्या दिवशी सगळी येतील, तेव्हा भिंतीवर पाहिजे." दलिनने दोन्ही हातांनी गुंडाळी घेतली. मान त्याच्याकडेच आला होता, शेवटी. पण त्या मानाच्या उजव्या कडेला शेपूट होतं.

लुओ हा आमच्या गावात चित्रांना मागून कागद चिकटवून, कडा लावून, दांडी घालून देणारा. त्याने चित्र लांबलचक लाल टेबलावर पसरलं आणि कडा तपासल्या. कागद हातचा, उजवी कड जराशी वाकडी होती. लुओने तिच्यावर आपली लाकडी पट्टी ठेवली आणि सुरी हातात घेतली. "इथून सरळ करतो," तो म्हणाला. "दोन बोटं जातील. चालेल ना?"

पट्टीखाली शेपूट गेलं होतं.

दलिनने काही करायचंसुद्धा नव्हतं. फक्त हो म्हणायचं, की दोन बोटं कागद केरात. कोणी विचारलंच तर कड वाकडी होती, लुओला विचारा. खडक आणि बांबू, गुरू आणि थोरला शिष्य, मध्ये कोणी नाही. किती वर्षं हेच हवं होतं त्याला. तो तसा चित्राकडे बघायला लागला, पोटभर बघावं म्हणून.

आणि त्याला ते बघवेना. शेपटाशिवाय ते बांबूचं बेट नव्हतं, नुसता काळा डाग होता, कोणीतरी रागाने कुंचला पुसावा तसा. प्रत्येक पान नीट, आणि सगळी मिळून काहीच नाही. "पट्टी उचल जरा," तो म्हणाला. लुओने उचलली. शेपूट बाहेर आलं, आणि पानं लगेच हलायला लागली. आत सावली होती, गारवा होता, काहीतरी लपलं होतं. "पुन्हा ठेव." डाग. "उचल." बेट.

"दलिन, मला बाकी कामं आहेत," लुओ वैतागून म्हणाला. "कापू की नको?"

दलिनला त्या बाईचा इतका राग कधी आला नव्हता. तिने त्याचा पाणउतारा केला असता तर परवडलं असतं. तिने त्याचा बांबू वाचवून ठेवला होता, आणि आता तिच्याशिवाय तो उभा राहत नव्हता.

"राहू दे," तो म्हणाला. "वाकडीच असू दे कड."

पण लिहायचं अजून बाकी होतं, आणि तिथे त्याने सूड उगवायचा ठरवला. नाव गाळलं तर गाव शेण घालेल तोंडात. मग नाव लिहू, पण जेवढ्यास तेवढं. चिमणी कुठे काढली होती तिने? कागदावर चिमणी आहेच कुठे? सही करावी तर केल्या कामाची. त्याने चांगली शाई घोटली, श्वास धरला, आणि कोऱ्या पट्टीवर आपल्या उत्तमातल्या उत्तम अक्षरांत लिहिलं: खडक, गुरुवर्य वेन. बांबू, फान दलिन. शेपूट, नी सूचिन.

वाचून त्याला फार बरं वाटलं. वानयूने वाचलं, नवऱ्याकडे बघितलं, आणि या वेळी सुंठसुद्धा सुचवली नाही.

सणाच्या दिवशी सगळे टेकडीवरून खाली मास्तरांच्या घरी आले, बुटांना ओली माती, हातात नैवेद्याचे उरलेले हिरव्या पिठाचे गोळे. चित्र भिंतीवर होतं. माणसं समोर गोळा झाली आणि वर बघून वाचायला लागली. दलिन अगदी पुढे उभा होता, कान टवकारून. कोणीतरी खोकलं. मास्तरीणबाईंनी मास्तरांचाच चष्मा डोळ्यांना लावला आणि बोट फिरवत एकेक शब्द वाचला. शेवटच्या ओळीला बोट थांबलं.

त्या हसायला लागल्या. थंडीपासून त्या घरात हसणं असं झालंच नव्हतं. एका हाताने त्यांनी भिंत धरली. मग एकेक करून सगळेच हसले, आणि सूचिन तर गुडघ्यांवर हात ठेवून, पिशवीतली चिल्लर खुळखुळेपर्यंत हसली, आणि त्यातच रडायला लागली.

"दादा," ती डोळे पुसत म्हणाली, "गुरुजींनी हेच लिहिलं असतं. शब्दाला शब्द हेच. मला वाटायचं तुम्हाला हसता येत नाही."

"त्यांना दाखवायला हवं होतं रे दलिन," मास्तरीणबाई म्हणाल्या. "चहा सांडला असता."

मी हे तुला हिणवायला लिहिलं, असं सांगावंसं वाटलं दलिनला, पण ते आता कोणी खरं मानणार नव्हतं, आणि खरं सांगायचं तर त्याला सांगायचंही नव्हतं. सगळी खोली त्याच्या ओळीला हसत होती. ज्या हसण्यासाठी तो अर्धं आयुष्य जळला ते आज त्याचं होतं, चोरून नाही, मागून नाही. फक्त ज्या एका तोंडातली दाढ बघायची होती ते टेकडीवर होतं, ओल्या मातीखाली. ज्याच्या हसण्यापायी हेवा करायचा तो माणूसच आता उरला नव्हता, आणि ते फार रिकामं वाटत होतं.

मागे अजून माणसं येत होती, दारातून माना उंचावत होती.

"दादा, सरका जरा," सूचिन तिच्या त्या बसक्या आवाजात म्हणाली. "मागच्यांना दिसत नाहीये."

दलिन सरकला. भिंतीला अंग चोरून त्याने जागा केली, आणि माणसं पुढे आली.